पऱ्हे निघेपर्यंत कोंबडी आत

कुडव्याला, शहराच्या कडेला, माझ्या मुलाच्या घरामागं अजून एक बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, शिल्लक आहे. आजूबाजूला प्लॉट पडले, घरं उठली, पण त्या बांधीच्या मालकानं जमीन विकली नाही. मृगाचे दोन-चार पाऊस पडून गेले की दरवर्षी तो तिथं धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकतो. थोड्याच दिवसांत खालची माती दिसेनाशी होते आणि असा कोवळा पोपटी रंग वर येतो, की ज्याला शेतीतलं काही कळत नाही तोही दुचाकी थांबवून बघतो. पुढं हेच पऱ्हे उपटून मोठ्या बांध्यांत रोवायचे असतात, म्हणून ते दाट पेरलेले असतात. वारा आला की एका बाजूनं सगळे वाकतात आणि पुन्हा उभे राहतात. मी सकाळी चहा घेऊन मागच्या पायरीवर बसते आणि बघत राहते. सून म्हणते, आईंना गावाची आठवण येते. येते, पण ती म्हणते तशी नाही. मला त्या रंगात कोंबडी दिसते.

यंदा जास्तच दिसली. शेजारी एक छत्तीसगडी कुटुंब राहायला आलं आहे. त्या बाईनं एक कोंबडी आणली आणि नवऱ्याकडून लोखंडी जाळीचा मोठा पिंजरा करून घेतला. पिंजरा चांगला आहे, माणूस ठेवता येईल एवढा. कोंबडी मात्र दिवसाआड बाहेर.

“अम्मा, फिर निकल गई!” ती भिंतीवरून ओरडते.

“कहां से निकली?”

“पता नहीं. जाली तो पूरी है.”

मी हसले. तिला वाईट वाटलं असेल. पण जाळी पुरी आहे हे वाक्य मी पूर्वी फार ऐकलं आहे. आमच्याकडं जाळी नव्हती, तुराट्यांचं कुंपण होतं, एवढाच फरक.

आमचं गाव सौंदडच्या स्टेशनवर उतरून पायी जायच्या अंतरावर. मी सांगते त्या पावसाळ्यात जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. गावात तेव्हा फोन म्हणजे एका दुकानातला. घरामागं आमची सांदवाडी, म्हणजे परसातली मोकळी जागा. तिथं न्हाणी, दोडक्याचा मांडव, बैलांचा गोठा आणि कोपऱ्यात मातीचं खुराडं. सांदवाडीच्या पलीकडं लगेच देवाजीची बांधी. देवाजी नात्यानं दूरचा दीर लागायचा, मला वैनी म्हणायचा. त्या बांधीला गावातल्या शेणखताचं पाणी आपोआप मिळायचं, म्हणून तो पऱ्हे तिथंच टाकायचा. पऱ्हे उत्तम यायचे. त्याला त्याचा अभिमान होता आणि तो अभिमान सगळ्या गावाला ऐकू जायचा.

पऱ्हे टाकले की कोतवाल दवंडी द्यायचा. कोंबड्या कोंडा, बकऱ्या बांधा. मोड फुटलेलं बी कोंबडीला फार आवडतं आणि बी संपलं तरी ती पायानं उकरून कोवळी रोपं उताणी करते. पऱ्हे गेले तर रोवायला काही उरत नाही, वर्ष हातचं जातं. म्हणून गावाचा नियम होता. कोणाची कोंबडी पऱ्ह्यात सापडली तर दोनदा घरी येऊन सांगायचं. तिसऱ्यांदा सापडली तर ज्याचे पऱ्हे, त्याची कोंबडी. त्यानं धरून नेली, कापली, रस्सा केला, तरी कोणी बोलायचं नाही. पऱ्हे उपटून झाले की नियमही संपला. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता आणि कोणी मोडतही नव्हतं. मला तो तेव्हाही पटत होता, आजही पटतो.

फक्त माझी कोंबडी आत राहत नव्हती.

तिला मी कबरी म्हणायची. करड्या अंगावर पांढरे ठिपके, मान लांब, पाय मोठे. अंडी भरपूर द्यायची आणि पिलं तर अशी सांभाळायची की घारसुद्धा आमच्या सांदवाडीवरून वळून जायची. आमच्याकडं आलेले सगळे पाहुणे तिच्याच पिलांवर जेवून गेले. मला तिची माया होती असं कोणी समजू नये. कोंबडी शेवटी हंडीतच जाते आणि जावी. पण माझी कोंबडी कधी शिजायची ते मी ठरवणार. ते देवाजीनं ठरवायचं नाही. त्या पावसाळ्यात माझं एवढंच म्हणणं होतं आणि त्यासाठी मी गावातल्या कुणाशीही भांडायला तयार होते.

पहिल्यांदा देवाजी आला तो साधेपणानं. धुऱ्यावरूनच, म्हणजे शेताच्या बांधावरूनच, म्हणाला, “वैनी, तुमची कबरी माह्या पऱ्ह्यात जाऊन राहिली. एकदा सांगून राहिलो.”

दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं मला हातानं खूण करून धुऱ्यापर्यंत नेलं. चिखलात कोंबडीच्या पायांची सरळ रांग उमटली होती.

“हे पाय कोनाचे?”

“कोंबडीचे.”

“कोनाच्या कोंबडीचे?”

“पायावर नाव लिहिलं हाय काय, देवाजी?”

“एवढे मोठे पाय गावात दुसऱ्या कोनत्या कोंबडीले आहेत, सांगा. वैनी, आता तिसऱ्या खेपेले मी सांगाले येत नाही. रस्सा झाला का वाटीभर पाठवून देतो.”

आणि हसत हसत गेला. त्या संध्याकाळपासून तो आपल्या अंगणात उभा राहून बायकोला ओरडून सांगायचा, मला ऐकू यावं म्हणून, “यशोदे, मसाला वाटून ठेव वो. कधीबी लागन.”

माणूस एखाद्या गोष्टीवर रोज हसत असला की ती गोष्ट होऊ नये म्हणून आपल्या अंगात वेगळंच बळ येतं. मी कुंपण उंच केलं. जुन्या तुराट्या काढल्या, नव्या लावल्या, मधे बेशरमाच्या काड्या रोवल्या. कबरी खुराड्यावर चढली, तिथून कुंपणाच्या टोकावर, टोकावर जरा झुलली आणि पलीकडं. मी कुंपणावर बोरीच्या काट्या टाकल्या. तिनं काट्यांच्या मधली जागा शोधली. मी कात्रीनं तिच्या एका पंखाची पिसं कापली, म्हणजे उडताना तोल जातो. तिनं उडणं सोडलं आणि दोडक्याच्या मांडवावरून चालत गेली. मांडवाचं एक टोक कुंपणाच्या बाहेर जात होतं हे मला त्या दिवशी कळलं. मी मांडव मोडला. लागलेले दोडके गेले. घरातल्या चिंध्यांची दोरी करून तिचा पाय खुंटीला बांधला, तर ती दोरी गुंडाळत गुंडाळत खुंटीपर्यंत आली आणि मेल्यासारखी पडून राहिली. दुपारी शेतातून येऊन बघते तर दोरी सोडलेली.

“ही कोनं सोडली?” मी नवऱ्याला विचारलं.

“मी सोडली. मुका जीव आहे. पाप लागते.”

या माणसानं बैलाला काठी मारताना कधी पापाचा विचार केलेला मी पाहिला नव्हता. पण चिखलणीचे दिवस होते, सकाळी अंधार असतानाच शेतावर जावं लागायचं, नवऱ्याला उन्हाळ्यात तापानं धरल्यापासून तो घरीच बसून होता. जास्त विचार करायला वेळ नव्हता. मी बांबूचं मोठं डालं आणलं, कबरीला त्याखाली झाकलं, वर दगड ठेवला. संध्याकाळी येऊन बघते तर दगड बाजूला, डालं कलंडलेलं, कबरी कुंपणाशी उभी. तिच्या पायांना पऱ्ह्यांचा चिखल. तो चिखल मी न्हाणीवर नेऊन धुतला. दुसऱ्या कोणी पाहिला असता तर तिसरी खेप तीच होती.

त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. मोड यायला पोत्यात दाबून ठेवलेल्या बियाण्याचा आंबूस गरम वास. ओल्या सरपणाचा धूर, जो चुलीतून वर न जाता घरातच लोळतो. चिखलणीहून आल्यावर पायांना येणारा बांधीचा वास, कितीही घासा, जात नाही. बाजारात वास्ते यायचे, बांबूचे कोवळे कोंब, त्यांची भाजी शिजताना शेजारच्या तीन घरांना कळायचं. आणि या सगळ्यावर देवाजीचा आवाज, “मसाला वाटला काय वो?”

मी एका सकाळी शेतावर गेलेच नाही. बायकांबरोबर थोडं पुढं गेले, पोट दुखते म्हणून त्यांना सांगितलं, वळून परत आले आणि गोठ्यात बैलांच्या मागं उभी राहिले. त्या दिवशी देवाजी अर्जुनीला कामाला गेलेला होता. नाहीतर ही गोष्ट तिथंच संपली असती.

ऊन जरा वर आलं. नवरा घरातून बाहेर आला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. डाल्यावरचा दगड उचलला, डालं उचललं आणि कबरीला हात जोडल्यासारखं करून म्हणाला, “जा माय. दे आज तरी एखादं.”

कबरी खुराड्यात गेली. आत तिची तणशीची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, जागा होती, रिकामी. ती तिथं जरा बसली. उठली. मान वाकडी करून तणशीत पाहिलं. बाहेर आली, कॉक कॉक करत कुंपणाच्या कडेनं एक फेरी मारली, मग न्हाणीच्या पाण्याला काढलेल्या भोकात मान घातली, अंग चपटं केलं आणि गेली. मी कुंपणाच्या फटीतून बघत होते. चारी बाजूंना मोड फुटलेलं बी पडलं होतं. तिनं एका दाण्यालाही चोच लावली नाही. पऱ्ह्यांच्या मधून नाकासमोर चालत ती पलीकडं देवाजीच्या तणशीच्या ढिगाऱ्याकडं गेली आणि ढिगाऱ्यात शिरली.

इकडं नवरा खुराड्यात हात घालून चाचपत होता.

“कायले सोडली?” मी मागून विचारलं.

तो असा दचकला की डोकं खुराड्याच्या कौलाला लागलं. “मी... जराशी हवा खायले.”

“कोन, तुम्ही का कोंबडी?”

मी गोठ्यात परत गेले. गव्हाणीच्या मागं अंड्यांची टरफलं होती. एका टोकाला बारीक भोक, आतून चाटूनपुसून रिकामी. चांगला ढीग होता. हा तोच माणूस, ज्याला आयुष्यभर अंड्याचा वास सहन होत नव्हता. त्याच्यासाठी घरात अंड्याचं भांडं वेगळं होतं, ते मी बाहेर ठेवायची, बाहेर घासायची. पोळ्याच्या सणाला पंगतीत कोणाला अंडं वाढलं तरी तो पाटावरून उठायचा.

“किती खाल्ली?”

“मोजली नाही. ताप आला होता तं कंपाउंडर म्हणे, कच्ची अंडी खा, ताकत येते.”

“मले सांगता नाही आलं?”

“तू हसली असती.”

हसले असतेच. ते खरं होतं. “बरं, खाल्ली तं खाल्ली. खाली एक तरी ठेवायचं होतं.”

“एक ठेवून काय करू? पूजा?”

इथं सगळं उलगडलं. माझ्या आईनं मला चौथीच्या शाळेपेक्षा हे आधी शिकवलं होतं. खुराड्यातली सगळी अंडी काढायची नाहीत. एक खाली ठेवायचं. कोंबडी येऊन बघते, आपलं आहे म्हणते आणि त्याच जागी पुढचं घालते. सगळीच उचलली तर तिला कळतं की ही जागा चोरांची आहे. मग ती दुसरी जागा शोधते, आणि ती जागा शोधण्यासाठी तिला कोणतंही कुंपण आडवं येत नाही. मी दोडक्याचा मांडव मोडला, काट्यांनी हात फाडून घेतले, तिची पिसं कापली, आणि ती बिचारी फक्त अंडं घालायला जात होती. बिचारी हा शब्द मी तिच्यासाठी तेवढा एकदाच वापरला.

काही लोकांना यात बाईमाणसाची काहीतरी गोष्ट दिसेल. मुलाच्या ओळखीचे एक मास्तर आहेत, त्यांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, आजी, यात फार मोठा अर्थ आहे. मला तसं काही म्हणायचं नाही. मला कोणी कोंडलं नव्हतं आणि मी पळूनही गेले नाही. कोंबडी ती कोंबडी. पण एवढं मात्र मी पाहिलं आहे, की कोणी बाहेर जात असलं की सगळे कुंपणाकडं धावतात. आत काय रिकामं झालं, ते बघायला कोणी वाकत नाही.

मी पदर खोचला आणि रस्त्यानं फिरून देवाजीच्या वाडीत गेले. तणशीच्या ढिगाऱ्याच्या मागं, जिथं बैल ओढून ओढून पोकळी झाली होती, तिथं कबरी बसलेली होती. मी हात पुढं केला तर तिनं अंग फुगवलं, गळ्यातून वेगळाच आवाज काढला आणि हातावर टोच मारली. मला आनंदच झाला. ती खुडूक झाली होती. म्हणजे तिचं घालणं संपत आलं होतं, आता तिला अंडी उबवायला बसायचं होतं. खुडूक कोंबडी एकदा अंड्यांवर बसली की तीन आठवडे उठत नाही. दिवसातून एकदा दाणा खायला, पाणी प्यायला उठेल तेवढंच. आणि पऱ्हे रोवणीला येईपर्यंत आपल्याला तरी दुसरं काय हवं होतं?

“काय शोधून राहिल्या, वैनी?”

मागं देवाजीची बायको यशोदा उभी होती. कमरेवर हात.

“तणीस किती हाय, पाहून राहिली.”

“तणीस पाहाले खाली बसावं लागते काय? मले माहीत आहे तुमची कबरी इथं बसते ते. आठ दिवस झाले.”

“मंग सांगितलं नाही देवाजीले?”

“कायले सांगू?” यशोदा माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली. “धरन तो. कापन तो. पाखं मी उपटीन. रोज मसाला मसाला करून राहिला, वाटायचा कोनं? मीच. हात जळून राहिले मिरच्यांनं. अन् जेवाले त्याचे चार दोस्त बोलावीन. मले रस्सा.”

आम्ही दोघी हसलो. मग तिनं पदर पुढं केला, मी कबरीच्या पोटाखालून एकेक अंडं काढलं. कबरीनं माझा हात रक्तबंबाळ केला. यशोदा घरात गेली आणि आपल्या कोंबड्यांची चार अंडी आणून त्यात टाकली. “आमच्या कोंबड्याचीही येऊ द्या दोन पिलं,” ती म्हणाली. “पन कोनाले सांगू नका, मी दिलं म्हणून.”

मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही.

त्या दिवशी मी चुलीच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जुनी टोपली ठेवली, तणीस घातली, अंडी मांडली आणि कबरीला वर ठेवलं. ती उभी राहिली. चोचीनं एक अंडं हलवलं, दुसरं पोटाखाली ओढलं. मग पिसं पसरून अशी बसली, जशी आमची सासू लग्नाच्या मांडवात बसायची. मी टोपलीवर काही झाकलं नाही. बांधलं नाही. दार उघडं ठेवलं. मांडव मोडताना मागचं कुंपण अर्धं पडलं होतं तेही उभारलं नाही.

“अन् गेली तं?” नवरा म्हणाला.

“जात नाही. तुम्ही हात लावला तं मात्र तुमचा हात जाईन.”

आषाढात आमच्याकडं कोणी कोंबडी बसवत नाही. ओलीत पिलं जगत नाहीत, मान टाकून मरतात. दिवाळीनंतर धान घरात आल्यावर बसवायची, ही रीत. रीत बरोबर आहे. पण रीत ज्यांनी घातली त्यांच्या शेजारी देवाजी नसेल. ज्या एकदोघींना मी सांगितलं त्या म्हणाल्या, बाई, तुझं डोकं फिरलं. मग मी सांगणंच सोडलं.

त्यानंतर झड लागली. सूर्य नाही, दिवस नाही, नुसतं पाणी. पऱ्हे मात्र त्या पाण्यात वीत वीत वाढत होते. मी शेतावर जाताना बघायची, शेतावरून येताना बघायची. पूर्वी तो हिरवा रंग दिसला की मी त्यात आधी कबरी शोधायची. आता मी मनात म्हणायची, वाढा लवकर, आणखी वाढा. देवाजीच्या पऱ्ह्यांसाठी देवाजीपेक्षा जास्त देव मी पाण्यात घातले होते. चुलीच्या वरचं छप्पर एका जागी गळायला लागलं, थेंब टोपलीच्या काठावर पडत होता. छपरावर चढायला उघडीप नव्हती. मी माझी झोपायची घोंगडी दुपदरी करून तिथं वर बांधली आणि स्वतः पोत्यावर झोपले. मी ओली झाले तर वाळते. अंडं गार पडलं तर संपलं.

देवाजी रोज काठी घेऊन धुऱ्यावर उभा राहायचा. कबरी काही येईना. कुंपण अर्धं पडलेलं, डालं बाजूला लोळतं, आणि कोंबडी दिसत नाही. त्यानं आपल्या मनानं हिशेब लावला.

“वैनी, कबरी दिसून नाही राहिली?”

“आहे.”

“कुठं आहे?”

“आहे म्हटलं ना.”

दोन दिवसांत गावभर झालं. वैनीनं भेवून स्वतःच कापून खाल्ली. पाण्यावर बायका मला विचारायच्या, “काऊन वो, एकटीच खाल्ली काय? आम्हाले बोलावलं नाही.” मी घागर उचलून चालू लागायची. मला बोलणं सोपं जातं, गप्प राहणं जड. त्या पावसाळ्यात मी जेवढी गप्प राहिले तेवढी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीही नव्हते. यशोदा तिथंच उभी असायची, ओठ आवळून, आणि घागरीत बघत राहायची.

नवऱ्याचं मात्र एक कबूल करावं लागेल. मी शेतावर असताना तो चुलीशी बसून राहायचा, निखारे विझू द्यायचा नाही. कबरीनं दाणा खायला उठल्यावर लवकर परत बसावं म्हणून तांदळाच्या कण्या तिच्या टोपलीजवळच ठेवायचा. अंड्याला हात लावला नाही. ताकद मात्र त्याला आलेली दिसली. लोक म्हणत, तुमचा माणूस सुधारला. मी म्हणायची, हो, हवा लागली.

मग एक दिवस भाकरी थापताना कोपऱ्यातून अगदी बारीक आवाज आला. टोपलीकडं न बघता मी भाकरी उलटली, शेकली, उतरवली. मगच उठले. कबरीच्या पंखातून एक पिवळं डोकं बाहेर आलं होतं, ओलं, वेडंवाकडं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन अंडी सोडून सगळी फुटली. पिलांत काही करडी ठिपक्यांची होती आणि तीन अगदी तांबडी, देवाजीच्या कोंबड्याच्या रंगाची. ओलीनं एकही मेलं नाही. चुलीची ऊब होती, कण्या होत्या, आणि आई कबरी होती. आषाढातली पिलं जगत नाहीत म्हणणाऱ्यांना मी आजही त्या पिलांचं सांगते.

शेजारच्या छत्तीसगडी बाईला मी परवा विचारलं, “अंडे सब निकालती क्या?”

“हां अम्मा, रोज. नहीं तो चूहा खा जाएगा.”

“एक रखो अंदर. जाली बाद में देखना.”

तिला पटलं नाही. तिनं पिंजऱ्याला नवऱ्याकडून आणखी एक जाळी बसवून घेतली. पण काल मी भिंतीवरून बघितलं तर पिंजऱ्यात तणीस होती आणि तणशीत एक अंडं होतं. कोंबडी पिंजऱ्याच्या उघड्या दाराजवळ आतल्या बाजूला बसून पंख साफ करत होती. बाईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून मला जे कळायचं ते कळलं. असं कोणाचा चेहरा बघून पोट भरणं या वयातही मला आवडतं.

त्या वर्षी देवाजीच्या पऱ्ह्यांची उपटणी आमच्याच टोळीनं केली. बायका पाण्यात उकिडव्या बसून मुठी मुठी पऱ्हे काढत होत्या, मुळांचा चिखल पायावर आपटून झाडत होत्या, पेंड्या बांधत होत्या. बांधी एका बाजूनं हिरवी आणि आमच्या मागं काळी होत होती. देवाजी धुऱ्यावर खूश होता. एक रोप वाया गेलं नव्हतं.

“पाहा वैनी,” तो म्हणाला, “कोंबडी नसली तं कसे पऱ्हे होतात.”

माझ्या बाजूला यशोदा होती. ती एवढी खोकली की तिला उठून उभं राहावं लागलं. मी हातातली पेंडी बांधली, बाजूला ठेवली, पुढची मूठ धरली. शेवटचा कोपरा मीच उपटला. त्या कोपऱ्यात हात घालताना मला जसं वाटलं, तसं मुलाला नोकरी लागली तेव्हाही वाटलं नव्हतं. मुलाची नोकरी मुलानं मिळवली होती.

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. ऊन असं पडलं होतं की ओल्या कौलांतून वाफ निघत होती. देवाजी अंगणात खाटेवर बसून पाय खाली सोडून चहा पीत होता. त्याच्याजवळ रोवणीचं बोलायला आलेले दोघं-तिघं होते. मी टोपली उचलून आमच्या समोरच्या फाटकाशी आणली. फाटक पूर्ण उघडलं. कबरीला खाली ठेवलं, पिलांना एकेक करून तिच्याभोवती सोडलं.

तिनं एकदा आमच्या अंगणाकडं पाहिलं, एकदा रस्त्याकडं. पंख झटकले. एका पंखाची पिसं अजून आखूडच होती. मग ती निघाली, मागं पिलांची लांब रांग, आणि सरळ देवाजीच्या अंगणात शिरली. बोलणारे वळून बघू लागले. एकजण म्हणाला, “अरे, हे तं वैनीची...” आणि देवाजीकडं बघितलं.

कबरीनं खाटेच्या खाली जागा पसंत केली आणि उकरायला सुरुवात केली. तीन तांबडी पिलं देवाजीच्या पायांपाशी गेली. त्यानं अंगठा हलवला असेल. कबरी गळ्यातून तो आवाज काढत, अंग फुगवून, दोन्ही पंख जमिनीला लावून त्याच्या पायांवर धावली.

“हट! हट गा! यशोदे!”

यशोदा दारात आली. तिनं हाताला लागलेलं पीठ झाडलं आणि म्हणाली, “मी काय करू? नियम संपला ना काल?”

देवाजीनं दोन्ही पाय खाटेवर घेतले. चहा हातात, पाय वर, आणि खाली कबरी त्याचं अंगण उकरते आहे. मी फाटक लावलं नाही. भात चढवायचा होता, म्हणून आत गेले.